बरं झालं की जाऊ

आमच्या बाबांना गल्लीतले सगळे बघूशेठ म्हणतात. काचेचं दुकान आहे म्हणून शेठ, आणि कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर 'बघू' येतं म्हणून बघू. दुकानाला रंग द्यायचा का? बघू. मोतीबिंदू काढायचा का? बघू. या बघूपायी माझं लग्नसुद्धा लांबलं. शेवटी मुलाकडच्यांनीच कंटाळून तारीख ठरवली आणि आम्हाला कळवली, तेव्हा बाबांना इतकं हायसं वाटलं की तारीख कुठली हे विचारायचंच राहिलं.

गंमत म्हणजे कामात हा माणूस असा नाही. मी लग्नानंतरही त्यांच्याच दुकानात बसते, गिऱ्हाइकांची मापं लिहून घेते, बिलं करते, त्यामुळे रोज बघते. भिंतीला तिरप्या टेकवलेल्या काचांमधून हवी ती ओढतात, टेबलावर आडवी करतात, पट्टी लावतात, पुन्हा माप घेतात, पुन्हा घेतात. मग मात्र रॉकेलमध्ये बुडवलेलं कापायचं हत्यार एकदाच, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात. काचेवर रेघ पडली की मागे फिरता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींवर ते रेघच ओढत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आईला एकच गोष्ट हवी होती. तिला बेटावर जायचं होतं, बहिणीकडे. बेबीमावशी तिची धाकटी बहीण, लग्न होऊन समुद्रापलीकडच्या त्या गरम बेटावर गेली ती तिथलीच झाली. आधी ती अधूनमधून यायची. मुलगा परदेशात, आणि नवरा गेल्यावर तिनं घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि तिचा पाय तिथेच अडकला. आता आईनंच जायला हवं होतं. आईची बॅग कपाटावर कायम भरलेली असे. दर काही महिन्यांनी ती खाली काढायची, साड्यांना ऊन दाखवायची आणि परत भरून वर ठेवायची. बॅगेनं जेवढं ऊन खाल्लं तेवढं आईनं खाल्लं नसेल.

घोडं अडलं होतं ते कधी जायचं यावर. बाबांनी चौकशी करून करून बोटीच्या कचेरीतल्या माणसाच्या नाकी नऊ आणले. तो बाबांना लांबून येताना बघितलं की खिडकी लावून घ्यायचा. त्या बेटावर वर्षाचे मोठे असे चार भाग. एका भागात पाऊस, तो म्हणजे बादल्या ओतल्यासारखा. त्याच्या आधी वाऱ्याचे दिवस, तेव्हा बोट सुटली तर सुटली. नंतर उकाड्याचे दिवस, तेव्हा समुद्र शांत, पण किनाऱ्याला ते लिबलिबीत, डंख मारणारे जीव येतात. आणि उरलेला भाग चांगला. स्वच्छ हवा, निळं पाणी.

"मग त्या चांगल्या भागात जाऊ," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, तेव्हा तर सगळं जग तिकडे लोटतं. बेबीच्या दोन्ही खोल्या भरलेल्या असणार. कमाईचे दिवस तिचे तेवढेच. आपण जाऊन गिऱ्हाईक हुसकायचं का? आई म्हणाली, मी तिच्या स्वयंपाकघरात झोपेन. बाबा म्हणाले, समजा, तिथे तुझी कंबर धरली तर? आई म्हणाली, मग उकाड्यात जाऊ, मला कुठे पोहायचंय. बाबा म्हणाले, तुझं ब्लडप्रेशर. समजा, चक्कर आली, समजा, बोटीवरच आली, तर भर समुद्रात डॉक्टर कुठून आणायचा? त्यांचं ते 'समजा' सुरू झालं की संपायचं नाही. एक सांगायला हवं, बाबा कधी बोटीत बसलेले नव्हते, आणि आईचं ब्लडप्रेशर आमच्या घरात सगळ्यांत चांगलं आहे.

आता फोनचं सांगते, कारण सगळा घोटाळा फोनवर झाला. आईला कमी ऐकू येतं. समोर बसलेल्याचे ओठ बघून ती अक्षर न् अक्षर ओळखते, पण फोनला ओठ नसतात. त्यामुळे आई फोनवर फक्त बोलायची. "बेबी, मी ताई बोलतेय. जेवत जा," असं दणक्यात ओरडायची आणि समाधानानं फोन बाबांच्या हातात द्यायची. पलीकडून काय उत्तर येतं ते ऐकायचं आणि आईला सांगायचं काम बाबांचं. बाबा दर रविवारी, जेवणाआधी, न चुकता मावशीला फोन करायचे. प्रेम म्हणून नाही. हवा विचारायला.

सुरुवात झाली ती मागच्या वर्षी वाऱ्याच्या दिवसांत. रेडिओवर बातमी आली की बेटावर मोठं वादळ झालं, झाडं पडली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगेच फोन लावला.

"कसं आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "तुमच्यापर्यंत पोचलं वाटतं."

"पोचलं की. काळजी वाटली म्हणून फोन केला."

"तेव्हापासून बरं नाही, भावोजी," मावशी म्हणाली. "दोन दिवस बरं असतं, मग परत तेच. ताईला जरा जपून सांगा. घाबरेल ती."

हे सगळं फोनच्या मोठ्या आवाजामुळे मलाही ऐकू आलं होतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं असं होतं की त्याच आठवड्यात मावशी अंगणात चक्कर येऊन पडली होती. तिला रक्ताचा आजार निघाला होता. तिला वाटलं, बोटवाल्या कुणाकडून तरी ते आमच्या कानावर गेलं आणि भावोजींनी काळजीनं फोन केला. बाबांना वाटलं, ती वादळाचं बोलते आहे. 'तुम्हाला' कसं आहे असं त्यांनी विचारलं नव्हतं. 'मला' बरं नाही असं तिनं म्हटलं नव्हतं. आपल्या भाषेत असं अर्धं बोललेलं चालतं, उरलेलं ऐकणारा भरून घेतो. दोघांनीही आपापल्या मनातलं भरून घेतलं.

बाबांनी आईला जपून सांगितलं. म्हणाले, "तिकडे सध्या बरं नाही. दोन दिवस बरं असतं, मग परत तेच."

आई म्हणाली, "मग राहू दे. बरं झालं की जाऊ."

तेव्हापासून दर रविवार तसाच. बाबा विचारायचे, कसं आहे? मावशी सांगायची, सकाळी बरं असतं, दुपारनंतर बिघडतं. एकदा म्हणाली, यंदा फार लांबलंय. एकदा म्हणाली, रात्री झोपू देत नाही. बाबा म्हणाले, दारं-खिडक्या घट्ट लावून घेत जा. ती हसली म्हणे. मधे एकदा म्हणाली, आता उतार आहे, आणि बाबा इतके खूश झाले की बोटीच्या कचेरीत जाऊन आले. पण पुढच्याच रविवारी मावशी म्हणाली, "परवा दुपारी एकदम अंधारून आलं. दारातच बसले मी."

"मग?" बाबांनी काळजीनं विचारलं.

"शेजारणीनं आत नेलं."

"अशा वेळी आत बसलेलंच बरं," बाबा म्हणाले. "बाहेर पडूच नका."

"नाही पडत हो आता," मावशी म्हणाली.

हे सगळं बाबा जेवताना आईला सांगायचे, शब्दाला शब्द. त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे, माप एकदा ऐकलं की विसरत नाहीत. आणि आई ताटावरून मान वर न करता म्हणायची, बरं झालं की जाऊ. माझी आई तिच्या बहिणीच्या आजाराची खबर दर रविवारी बसल्या जागी ऐकत होती आणि हवा म्हणून सोडून देत होती.

चांगल्या हवेचे दिवसही त्यात येऊन गेले. कचेरीतला माणूस खिडकीतून सांगत होता की समुद्र आरशासारखा आहे. बाबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. घरचं माणूस सांगतंय की बरं नाही, आणि हा तिकिटं विकणारा सांगतोय की उत्तम, तर खरं कुणाचं मानायचं? मी म्हटलं, अहो, दोघांचं एवढं उलटं कसं असेल? बाबा म्हणाले, बेटावर एका बाजूला ऊन आणि एका बाजूला पाऊस असं असतं. कुठल्या तरी खलाशानं काच बसवून घेताना त्यांना ते सांगितलं होतं. त्यांच्या काळजीला कुठूनही खुराक मिळतो.

वर्ष फिरून पुन्हा वाऱ्याच्या दिवसांवर आलं. त्या दिवशी रविवार नव्हता. दुकानात कामाची गर्दी नव्हती आणि रेडिओनं सांगितलं की यंदा वारे लवकर सुरू झाले. बाबांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. टेबलावर अर्धी मापलेली काच तशीच ठेवून त्यांनी फोन लावला.

"यंदा लवकरच सुरू झालं म्हणे," ते म्हणाले. "तुमच्या अंदाजानं कधीपर्यंत बरं होईल? त्या हिशेबानं तिकिटं काढतो."

मावशीचा आवाज इतका बारीक होता की बाबांनी फोन कानाला घट्ट धरला. मला काही ऐकू आलं नाही. मला दिसला तो त्यांचा चेहरा. त्यांनी एकदाच, अगदी हळू विचारलं, "डॉक्टरांनी?" मग बराच वेळ ते नुसतं हं, हं म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ते काचांच्या कडेला जमिनीवरच बसले, जिथे काचेचा चुरा असतो म्हणून आम्ही कुणी चप्पल काढून उभंसुद्धा राहत नाही.

"आता बरं व्हायचं नाही म्हणते," ते म्हणाले. "डॉक्टरांनी परवा सांगितलं तिला. तिकिटं काढायची तर आत्ताच काढा म्हणते."

मी विचारलं, कुणाला बरं व्हायचं नाही? बाबा म्हणाले, बेबीला. मग आम्ही दोघांनी एकेक वाक्य मागे जाऊन काढलं. सकाळी बरं असतं. उतार आहे. अंधारून आलं. प्रत्येक वाक्याला बाबांचा चेहरा आणखी आणखी उतरत गेला. मला त्यांचा राग आला होता, भयंकर राग, आणि तो काढायला जागा नव्हती. समोर बसलेल्या माणसाला आणखी मारायचं तरी कुठे?

घरी जाऊन बाबांनी आईला एवढंच सांगितलं की बेबीला बरं नाही, उद्या निघायचं. कधीपासून, हे आईनं विचारलं. बाबा म्हणाले, तिथे गेल्यावर कळेल. आईनं बॅग खाली काढली. या वेळी तिनं साड्यांना ऊन दाखवलं नाही.

वर्षातले सगळ्यांत वाईट दिवस आम्ही निवडले होते. धक्क्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसून होतो. पहिल्या दिवशी बोट सुटलीच नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "शेठ, वर्षभर मी सांगत होतो तेव्हा आला नाहीत." बाबा सारखे उठून पाण्याकडे बघून यायचे आणि बसायचे. आई बॅगेवर हात ठेवून समोर बघत होती. मला एकच विचार छळत होता, की आपण इथे वाऱ्याची वाट बघतोय आणि तिकडे तेवढाही वेळ नसला तर? बाबांना तो विचार तोंडानं बोलून दाखवायची गरज नव्हती. या एका बाबतीत त्यांनी 'समजा' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली. अर्धे लोक ओकत होते. बाबा कठड्याच्या आडव्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसले होते, त्यांची बोटं पांढरी पडली होती, पण परत फिरू असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी त्यांना विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, "बोटीची नाही."

मावशीचं घर धक्क्यापासून चालत जाण्यासारखं होतं. खोल्या भाड्यानं देणं तिनं कधीच बंद केलं होतं. समुद्राकडच्या चांगल्या खोलीत, जी ती स्वतःसाठी कधी वापरत नसे, तिथे ती पलंगावर होती. शेजारीण बाजूला बसली होती, ती आम्हाला बघून उठली. मावशी मूळचीच बारीक, आता पांघरुणाखाली ती आहे की नाही हे बघावं लागत होतं. पण जागी होती आणि डोळे तिचेच होते. जिवंत भेटली. माझ्या मनातली पहिली गोष्ट हीच, की भेटली बाई जिवंत.

आई पलंगाच्या काठावर बसली आणि तिचा हात हातात घेऊन तिच्या ओठांकडे बघू लागली.

मावशीनं आधी बाबांना बघितलं. "भावोजी, या वाऱ्यात आलात," ती म्हणाली. मग आईला म्हणाली, "ताई, तुला खरंच सांगते. मुलगा परदेशातून पैसे पाठवतो, डॉक्टर तपासून जातात. पण कसं आहे म्हणून कुणी विचारत नाही गं. वर्षभर एकट्या भावोजींनी विचारलं. एक रविवार चुकवला नाही. मी त्या फोनसाठी आठवडा काढायचे."

आईनं मान वळवून बाबांकडे बघितलं. आई हुशार आहे, तिला एवढं पुरलं. दर रविवारचं जेवण, दर रविवारचं ते वाक्य, सगळं तिच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक येऊन गेलेलं मला दिसलं. बाबांनाही दिसलं. ते दाराशी उभे होते, एक पाऊल पुढे आले.

"बेबीताई, मी ते..." ते म्हणाले. "मला खरं म्हणजे..."

"घरी येऊन मलाही सांगायचे ते," आई मधेच म्हणाली. "दर वेळी. शब्दाला शब्द."

खिडकीची तावदानं वाऱ्यानं थडथडत होती.

"मग आली का नाहीस?" मावशीनं विचारलं.

आईचा हात मावशीच्या हातात तसाच होता.

"मीच म्हणायचे," आई म्हणाली, "बरं झालं की जाऊ."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मावशीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "असू दे. आलीस ना." पण तिनं तोंड थोडं भिंतीकडे वळवलं होतं, आणि ते मी बघितलं, बाबांनी बघितलं, आईनं तर बघितलंच.

मावशीला झोप लागल्यावर बाबांनी आईला मागच्या पडवीत गाठलं. ते रडत होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, मी तिला उठल्यावर सांगतो. मी मूर्ख आहे, मी हवा विचारत होतो, तुला काहीच ठाऊक नव्हतं, हे सगळं सांगतो. तू कशाला तिच्या मनातून उतरतेस? ती जाईल आणि जाताना तिला वाटेल की सख्ख्या बहिणीला कळत होतं आणि ती आली नाही. आईनं त्यांच्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला बाबांचा राग आला होता, तो तिनं लपवला नाही.

"काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "वर्षभर तिला विचारणारं एक माणूस होतं. ते तिच्याकडून काढून घेऊ नका."

मग तोंड पुसून ती आत गेली आणि मावशीच्या उशाशी बसली.